जाहिरातीच्या कोपऱ्यातले फाळके

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्या खेळाची वर्तमानपत्रातली जाहिरात मात्र फार थोड्यांनी शेवटपर्यंत वाचली आहे. हरिश्चंद्राच्या जोडीला तिच्यात आणखी चार नावं आहेत. मिस आयरीन डेलमार यांचं गाणं आणि नाच. मॅक्लेमेंट्स मंडळींचा विनोदी प्रवेश. पायांनी वस्तू झेलण्याची करामत करणारा अलेक्झांडर. आणि टिप-टॉप कॉमिक्स. एकूण खेळ दीड तासाचा. दिवसाला चार खेळ, शेवटचा रात्री पावणेबाराला. दर नेहमीच्या दुप्पट.

चित्रपटाच्या इतिहासानं या जाहिरातीतलं एक नाव उचललं आणि बाकीची चार सोडून दिली. सोडलेली नावं माझ्या दृष्टीनं अधिक बोलकी आहेत. १९१३ साली प्रेक्षक ‘पिक्चर’ बघायला जात नव्हता, ‘खेळ’ बघायला जात होता. त्या खेळात दोन-तीन छोट्या फिल्मा असायच्या, मधूनमधून गाणं, नाच, जादू, कसरत असायची. फिल्मा पाथे आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांच्या किंवा इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्या असत. रंगमंचावरची माणसंही बहुधा परदेशी मंडळ्यांतली. हिंदुस्थानी माणसानं काढलेली पहिली मोठी चित्रकथा पडद्यावर आली तीदेखील अशा पाहुण्यांच्या पंगतीत बसून आली.

आता पुढची जाहिरात. १९१४ च्या सुरुवातीला फाळक्यांचा दुसरा मोठा चित्रपट ‘मोहिनी भस्मासुर’ मुंबईत लागला. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई त्यात होत्या, म्हणून तो स्मरणात राहिला आहे. त्याच्यासोबत जोडखेळ म्हणून एक लहानशी विनोदी फिल्म होती, ‘पिठाचे पंजे’. तीही फाळक्यांचीच. पहिल्या खेळात ज्या जागी मॅक्लेमेंट्स मंडळी हसवत होती, त्या जागेवर आठ महिन्यांत नाशिकच्या कारखान्यातली फिल्म आली.

फाळके नुसता चित्रपट काढायला निघाले नव्हते. अख्खा खेळ आपल्या हातचा असावा, असा त्यांचा प्रयत्न होता. हे त्यांच्या पौराणिक चित्रपटांतून कळत नाही. ते जाहिरातींतून, हस्तपत्रकांतून आणि किरकोळ म्हणून बाजूला पडलेल्या नावांच्या याद्यांमधून कळतं.

०००

त्या याद्यांतली काही नावं अशी: ‘अंकुराची वाढ’, ‘पिठाचे पंजे’, ‘आगकाड्यांची मौज’, ‘लक्ष्मीचा गालिचा’, ‘धूम्रपान लीला’, ‘प्रोफेसर केळफा यांची जादू’, ‘तळेगाव काच कारखाना’, ‘कार्तिकी पौर्णिमा उत्सव’, ‘सिंहस्थ पर्वणी’, ‘चित्रपट कसे तयार करतात’. चरित्रकारांनी यांची नोंद घेतली आहे. बापू वाटवे यांच्या पुस्तकात ती भेटतात, जया दडकर यांच्या ‘दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व’ या ग्रंथातही. पण चरित्राचा ओघ ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ या वाटेनं जातो. मधली ही मंडळी परिच्छेदाच्या शेवटी ‘याखेरीज त्यांनी काही लघुपटही काढले’ एवढ्यावर संपतात.

ही यादी पाथे कंपनीच्या त्या काळच्या सूचिपत्रासमोर ठेवून बघावी. पाथेनं आपल्या फिल्मांची गटवारी केली होती. निसर्ग आणि स्थळदर्शन, विनोद, जादू आणि करामती, उद्योगधंदे, धार्मिक कथा. चित्रगृहवाला प्रत्येक गटातून एकेक उचलून रात्रीचा खेळ भरत असे. फाळक्यांच्या यादीत या प्रत्येक खणाला उत्तर आहे. विनोदाला ‘पिठाचे पंजे’ आणि ‘धूम्रपान लीला’. करामतीला आगकाड्या आणि लक्ष्मीचा गालिचा. उद्योगाला तळेगावचा काच कारखाना. स्थळ आणि उत्सव यांना गोदाकाठ. धार्मिक कथा तर होतीच. तेव्हा एका धडपड्या माणसानं रिकाम्या वेळात केलेल्या गमती म्हणून या फिल्मांकडे बघणं मला चुकीचं वाटतं. महायुद्धात पैसा आटला, मोठे चित्रपट काढणं कठीण झालं, म्हणून छोट्यांकडे वळावं लागलं, हे कारण खरं आहे. पण ते अर्धंच कारण आहे, कारण सुरुवात युद्धाच्या आधीच झाली होती. आणि ती एका कुंडीपासून झाली होती.

०००

वाटाण्याच्या रोपाची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. धनकोंना खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभर रोज एक याप्रमाणे चित्रं घेऊन ‘अंकुराची वाढ’ तयार केली. पडद्यावर मिनिटभरात बी फुटलं, वेल वर चढली. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहून कर्ज द्यायची तयारी दाखवली.

ही गोष्ट अनेक पुस्तकांत जशीच्या तशी उतरत आली आहे. तिच्यातला हिशेब मात्र जमत नाही. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण एक फूट फिल्म पुढे सरके. म्हणजे मिनिटभराच्या फिल्मला साठ फूट, चौकटी नऊशे साठ. रोज एक या दरानं तेवढ्या चौकटी घ्यायला अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट महिनाभरात रोज एक घेतली, तर पडद्यावर दोन सेकंदांत सगळं संपेल. दोन सेकंदांचा झपाटा पाहून कोणी सावकार पैसे मोजणार नाही.

मग खरं काय झालं असेल? महिनाभर आणि मिनिटभर, हे दोन्ही आकडे धरले तर दिवसाला बत्तीस चौकटी येतात. अकरा तासांचा उजेड मानला तर दर वीस मिनिटांनी एक. रोज, महिनाभर. दादरच्या घरात कुंडीपाशी कोणीतरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळत ठेवून होतं, कॅमेऱ्याची मूठ फिरवत होतं, उजेड सांभाळत होतं, रोपाला पाणी घालताना कुंडी तसूभरही हलणार नाही याची काळजी घेत होतं. ‘रोज एक चित्र’ ही सांगायला सोपी गोष्ट आहे. पण तिनं या कामातली मेहनत लपवली आहे. मला स्वतःला ही मेहनत त्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी वाटते. सर्जनशीलतेचं कौतुक करताना आपण चिकाटीचा भाग चटकन वगळतो. फाळक्यांच्या बाबतीत तसं केलं तर उरतं फारच थोडं.

इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ ही फूल उमलतानाची फिल्म १९१० साली आली होती. म्हणजे तंत्र जगात नवं नव्हतं. पण फाळक्यांनी हिंदुस्थानी धनकोपुढे पहिलं काय ठेवलं? देव नाही, राजा नाही, नटी नाही. ठेवली एक वाढणारी वेल. एखादी वस्तू कशी घडते, हे डोळ्यांसमोर उलगडून दाखवणं, हेच सिनेमाचं बळ आहे असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पुढच्या छोट्या फिल्मांतही हीच ओढ दिसत राहते.

०००

‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, जुळतात, आकृत्या करतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली गोमाँ कंपनीसाठी काड्यांची अशीच फिल्म केली होती, आणि तिचा प्रभाव फाळक्यांवर असल्याचं अभ्यासक सांगतात. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये काड्यांच्या जागी नाणी आली. तंत्र तेच. एक चौकट घ्यायची, वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा एक चौकट. कॅमेऱ्याची मूठ एरवी जशी सलग फिरवत राहतात तशी इथे चालत नाही, एकेक चौकट मोजून घ्यावी लागते. वाटाण्याच्या कुंडीपुढे हात याच कामात तयार झाला होता. तिथे निसर्ग वस्तू हलवत होता आणि माणूस थांबत होता. इथे माणूसच हलवणारा आणि माणूसच थांबणारा.

नाणी निवडण्यात मला फाळके दिसतात. काड्या कोलच्या असतील, पण लक्ष्मी इथली आहे. दिवाळीत पाटावर नाणी मांडून पूजा करणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावर तीच नाणी गालिच्यासारखी पसरताना पाहून काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. परक्या करामतीला घरचा विषय देण्याची ही हातोटी ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘कालिया मर्दन’मधल्या ट्रिक दृश्यांत मोठ्या प्रमाणावर दिसते. तालीम मात्र या लहानग्यांत झाली.

केळफा म्हणजे फाळकेच. आडनावाची अक्षरं उलट केली आहेत. चित्रपटाकडे येण्याआधी ते याच नावानं जादूचे प्रयोग करत. कार्ल हर्ट्झ या जादूगाराशी त्यांची गाठ पडली होती, असं सांगतात. हर्ट्झ स्वतः जादूच्या खेळात सिनेमाची यंत्रं घेऊन जगभर फिरलेला माणूस. म्हणजे एका काळी रंगमंचावर उभं राहून जे केलं, तेच पुढे कॅमेऱ्यासमोर केलं. पहिल्या खेळाच्या जाहिरातीत परदेशी कसरतपटू अलेक्झांडरला जी जागा मिळाली होती, तीच जागा इथे प्रोफेसर केळफा घेतात. खेळाची सगळी घडी फाळक्यांना तोंडपाठ होती, कारण ते स्वतः तिचाच एक भाग राहिले होते.

०००

‘तळेगाव काच कारखाना’ या नावाशी मात्र जास्त वेळ थांबायला हवं. तळेगाव दाभाड्यातला हा कारखाना म्हणजे पैसा फंडाचा काच कारखाना. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव एकेक पैसा मागून निधी उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्या चळवळीला पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ साली तळेगावात काच तयार होऊ लागली. तिथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे देशात इतरत्रही काचेचा धंदा नेला. एका वाक्यात सांगायचं तर स्वदेशी चळवळीचं महाराष्ट्रातलं ते डोळ्यांनी पाहता येईल असं फळ होतं.

फाळक्यांनी कॅमेरा घेऊन तिथे जावं यात योगायोग नाही. वंगभंगानंतरच्या वातावरणात त्यांनी पुरातत्त्व खात्यातली सरकारी नोकरी सोडली आणि छपाईच्या धंद्यात उडी घेतली. चित्रपट हा त्यांच्या लेखी स्वदेशी उद्योगच होता. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ या विषयावर जी लेखमाला लिहिली, तिच्यात हा सूर स्पष्ट आहे. तेव्हा काच कारखान्याची फिल्म म्हणजे एका स्वदेशी कारखानदारानं दुसऱ्या स्वदेशी कारखान्याची केलेली नोंद. भट्टी, तापलेला लाल गोळा, फुंकनळी, आकार घेणारी काच. वाढणाऱ्या वेलीसारखीच इथेही नजरेसमोर वस्तू घडते. मूकपटाला याहून चांगला विषय मिळणं अवघड.

आपल्याकडे फाळक्यांचं राष्ट्रीयत्व नेहमी राम-कृष्णांच्या चित्रांतून शोधलं जातं. देवादिकांना पडद्यावर आणणं हे राष्ट्रकार्य होतं, असं ते स्वतःही मानत. पण काचेच्या कारखान्याची फिल्म पाहायला मिळाली असती, तर त्यांच्या राष्ट्रीयत्वाची दुसरी बाजूही तेवढीच ठसठशीत झाली असती. हातांनी काम करणारी माणसं, उघडी भट्टी, गावच्या पैशातून उभं राहिलेलं यंत्र. ही फिल्म आपल्यासमोर नाही याची मला ‘लंका दहन’च्या हरवलेल्या भागाइतकीच हळहळ वाटते.

‘सिंहस्थ पर्वणी’बद्दल थोडक्यात. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. फाळके नाशकात स्थिरावले १९१३ मध्ये, आणि त्यानंतरचा पहिला सिंहस्थ १९२०-२१ चा. त्यामुळे या फिल्मचा काळ नावातच लिहिलेला आहे. ज्या माणसाचा जन्म त्र्यंबकेश्वराचा, त्यानं नाशिक-त्र्यंबकची पर्वणी टिपली हे ओघानं आलं.

०००

या सगळ्या यादीतली एक फिल्म आपल्या सुदैवानं अंशतः पाहता येते. ‘चित्रपट कसे तयार करतात’, काळ १९१७. तिच्यात स्वतः फाळके आहेत. नटांना सूचना देतात, दृश्य बसवतात, फिल्मची पट्टी हातात घेऊन निरखतात. फाळक्यांचं हलतं रूप म्हणून ही दृश्यं माहितीपटांत पुन्हा पुन्हा वापरली जातात. वापरताना ती एका स्वतंत्र फिल्मचा भाग आहेत, हे मात्र बहुधा सांगितलं जात नाही.

ज्या प्रेक्षकाला अजून चित्रपट ही वस्तूच नवी होती, त्याच्यासमोर हा माणूस पडद्यामागचं सगळं उघडं करतो. जादूगार आपली करामत फोडत नाही. केळफानंही रंगमंचावर फोडली नसेल. फाळक्यांनी पडद्यावर फोडली. त्यांना प्रेक्षक आश्चर्यचकित हवा होता आणि त्याच वेळी शिकलेलाही हवा होता. धंदा वाढायचा तर कारागीर हवेत, आणि कारागीर तयार व्हायचे तर आधी लोकांना हे काम आहे तरी काय, ते दिसायला हवं. दहा वर्षांनी, १९२७-२८ मध्ये, दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालच्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढे फाळक्यांची साक्ष झाली. आपल्याला अभिनय शिकवण्यापासून कथा लिहिण्यापर्यंत, चित्रण करण्यापासून पडद्यावर दाखवण्यापर्यंत सगळं स्वतः करावं लागलं, कारण या देशात त्या धंद्याची कोणालाच माहिती नव्हती, असं त्यांनी तिथे सांगितलं. समितीनं साक्षीचे खंड छापले म्हणून हे शब्द आज वाचता येतात. ते वाचल्यावर १९१७ ची ती फिल्म कशासाठी होती, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही वृत्ती मोठ्या चित्रपटांतही शिरली आहे. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात आठवा. बाळकृष्णाचं काम करणारी त्यांची लेक मंदाकिनी आधी साध्या मुलीच्या रूपात समोर येते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ, आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. मग तीच मुलगी कृष्ण होते. कथा सुरू होण्याआधी प्रेक्षकाला सांगून टाकलं आहे की ही फाळक्यांची मुलगी आहे आणि अभिनय म्हणजे हे. आणि तरीही पुढे यमुनेच्या पाण्यात उडी घेते तेव्हा ती कृष्णच असते. पौराणिक चित्रपट म्हणून पाहिलं तर ही प्रस्तावना उपरी वाटते. ‘चित्रपट कसे तयार करतात’ डोळ्यांपुढे ठेवून पाहिलं की ती नेमकी जागच्या जागी बसते.

०००

कागद पुरावा देतो, तसा तो फुगवूनही सांगतो, विशेषतः जाहिरातीचा कागद. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईबाहेर गेला तेव्हा नाटकाच्या प्रेक्षकाला तो महाग वाटला. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक मिळत असताना तासाभराच्या चित्रांना तीन आणे कोण देणार? त्यावर फाळक्यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत.

हे आकडे तपासता येतात. सत्तावन्न हजाराला सोळानं भागलं की साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर येतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची नोंदलेली लांबी ३,७०० फूट. म्हणजे छायाचित्रांचा आकडा हवेतला नाही. फाळक्यांनी तो फुटांवरून नीट काढलेला आहे, आणि थोडा कमीच सांगितला आहे. दोन मैल म्हणजे मात्र दहा हजार पाचशे साठ फूट. तेवढा तो चित्रपट नव्हता, त्याच्या तिपटीला दोन मैल होतात. एकाच ओळीत एक काटेकोर आकडा आणि एक धंद्याचा आकडा शेजारी शेजारी बसले आहेत. या दोन आकड्यांत मला कारखान्यातला माणूस आणि बाजारातला माणूस, दोघे एकत्र दिसतात. त्यातला पहिला स्वतःशी खोटं बोलत नव्हता. गिऱ्हाईक खेचायला दुसऱ्यानं मैल लांबवले.

अशीच आणखी एक गोष्ट कागदावरून समजते, पण ती कागदावर नसल्यामुळे समजते. मूकपटांच्या या सगळ्या जाहिरातींत सरस्वतीबाई फाळके यांचं नाव नाही. लंडनहून येणारी कोरी फिल्म भोकं न पाडलेली असे. रात्री अंधारात बसून तिला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाईंनी केलं. रसायनं कालवली, चित्रणाच्या वेळी उजेड परतवायला पांढऱ्या चादरी धरल्या, आणि कारखान्यातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. हे सगळं घरच्यांच्या आठवणींतून आलं. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे ते सर्वांपर्यंत पोचलं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण जाहिरात, हस्तपत्रक, परीक्षण यांतून फाळक्यांचा इतिहास रचणाऱ्यानं लक्षात ठेवावं की या कागदांत सरस्वतीबाईंना जागाच नव्हती. दर वीस मिनिटांनी कुंडीसमोर बसणारं माणूस कोण असेल, याचा अंदाज बांधताना मला तरी पहिलं त्यांचंच नाव सुचतं.

०००

मूकपटांचं काय झालं, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर या चिटोऱ्यांचं मोल कळत नाही. १९१२ ते १९३४ या काळात हिंदुस्थानात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले अगदी मोजके उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. फिल्म नायट्रेटची असे. ती पेट घेई, कुजे, चिकटे. बोलपट आल्यावर जुन्या फिल्मांना किंमत उरली नाही. त्यांतली चांदी काढून घेतली गेली, उरलेल्या पट्ट्या बांगड्यांच्या धंद्यात गेल्या. फाळक्यांचंच बघायचं तर ‘राजा हरिश्चंद्र’चा सुमारे १,४७५ फुटांचा भाग उरला आहे, आणि तोही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतला असल्याचं मानणारे अभ्यासक आहेत. ‘लंका दहन’ पाचशे फूट. ‘श्रीकृष्ण जन्म’ पावणेसहाशेच्या आसपास. ‘कालिया मर्दन’ साडेचार हजारांच्या जवळ, तो सगळ्यांत भाग्यवान. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. तिथे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि इतरत्र शोधून हे जमवलं नसतं, तर एवढंही हाती राहिलं नसतं.

मोठ्या चित्रपटांची ही गत, तर मिनिटा-दोन मिनिटांच्या फिल्मांची काय कथा! त्यांचे डबे वेगळे ठेवलेच गेले नसतील. मोठ्या चित्रपटाच्या रिळाला जोडून त्या गावोगाव फिरल्या, तुटल्या, कापल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेकांचं अस्तित्व आता कागदावरच आहे.

या कागदांतही एक मोठी फट आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ साली झाला आणि परीक्षण मंडळं प्रत्यक्ष कामाला लागली १९२० मध्ये. तिथून पुढे फिल्मचं नाव, कंपनी, लांबी यांची सरकारी नोंद होऊ लागली. वीरचंद धरमशी यांनी अशा नोंदी आणि वर्तमानपत्रं चाळून मूकपटांची जी सूची केली, ती १९९४ मध्ये इटलीतल्या पोर्देनोने इथल्या मूकपट महोत्सवाच्या निमित्तानं निघालेल्या ‘लाइट ऑफ एशिया’ या ग्रंथात आली. गुजराती, मराठी, इंग्रजी अशी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं वाचत राहिलेल्या माणसाचं हे काम आहे. भारतीय चित्रपटाच्या कुठल्याही दिग्दर्शकाला मिळतो तसा मान त्यांना मिळायला हवा, असं मी मनापासून म्हणतो. पण फाळक्यांच्या बहुतेक छोट्या फिल्मा १९२० च्या आधीच्या. त्यांची लांबी कोणा सरकारी कारकुनानं लिहून ठेवली नाही. त्या काळासाठी चित्रगृहाची जाहिरात हीच जन्मनोंद आणि तोच मृत्यूचा दाखला.

हस्तपत्रकाचं आयुष्य तर एका संध्याकाळचं. बँड लावून टांगा किंवा बैलगाडी गावातून फिरायची, पत्रकं उधळली जायची, रात्रीपर्यंत त्यांत शेंगदाणे बांधले जायचे. ज्याला तो कागद जपावासा वाटला असेल तो माणूस विरळाच. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटासोबत छायाचित्रांसह माहितीपुस्तिका काढण्याची प्रथा पाडली, असं म्हणतात. पुस्तिका निदान लोक घरी नेऊन ठेवत. फाळक्यांच्या सुरुवातीच्या काळात तीही सोय नव्हती. आणि गंमत अशी की हा माणूस मुळात छापखान्याचा. रविवर्म्याच्या शिळाप्रेसवर काम केलेला, स्वतःचा छापखाना चालवलेला, तीन रंगांची छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला गेलेला. छापील कागदाचं बळ त्याच्याइतकं कोणाला कळत असेल? म्हणून त्याच्या जाहिरातींतला प्रत्येक आकडा आणि जोडखेळाचं प्रत्येक नाव मी विचारपूर्वक घातलेलं मानतो.

यापुढचं काम कुठे करायचं हेही आता बरंचसं स्पष्ट आहे. ‘सिंहस्थ पर्वणी’सारख्या फिल्मची लांबी शोधायची तर १९२० नंतरच्या मुंबई सरकारच्या परीक्षण याद्या हाती आहेत. ‘आगकाड्यांची मौज’ आणि ‘लक्ष्मीचा गालिचा’ तिथे सापडायच्या नाहीत. त्यांच्यासाठी महायुद्धाच्या वर्षांतली मराठी आणि गुजराती दैनिकं-साप्ताहिकं चित्रगृहांच्या रकान्यांपासून वाचावी लागतील, आणि त्यातही मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली ‘शिवाय’ म्हणून जे बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते आधी.